चार फुटांवर थांबायचं

ज्या माणसानं दीडशे संडास बांधलेत त्याला संडास बांधायला शिकवायचं, हे ऐकूनच मी सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात गेलो. गवंड्यांचं प्रशिक्षण होतं. पंचायतीच्या आवारात पंधरा-वीस जण, बहुतेक चाळिशीपुढचे, पायजम्याला सिमेंट लागलेले. दोन बायकाही होत्या. आजवर घमेली उचलण्यात आयुष्य गेलेल्या त्या दोघींच्या हातात थापी पहिल्यांदाच आली होती. झारखंडात अशा बायकांना रानी मिस्त्री म्हणतात आणि त्यांनी हजारोंनी शौचालयं बांधली आहेत, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. पुरुष गवंडी यावर काही बोलले नाहीत.

दीडशेचा आकडा मामांचा. सगळे त्यांना मामाच म्हणत. नावनोंदणी करताना त्यांनी तो सांगितला, चहाच्या वेळी सांगितला, आणि प्रशिक्षकांनी फळ्यावर दोन खड्ड्यांचं चित्र काढलं तेव्हा मागून पुन्हा आवाज आला, "दीडशे बांधलेत, एकाची तक्रार नाही." प्रशिक्षक तरुण होते, पण मुरलेले. त्यांनी विचारलं, "खड्डा किती खोल घेता, मामा?"

"दहा फूट. कोणी म्हणालं तर बारा."

"आणि आपल्याला किती पाहिजे?"

फळ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं होतं: चार फूट.

पाच-सहा माणसांच्या घराला चार फूट खोल आणि जेमतेम मीटरभर व्यासाचे दोन खड्डे पुरतात. एक वापरात, एक बंद. पहिला भरायला काही वर्षं लागतात. मग जिथून पाइप दोन्ही खड्ड्यांकडे फुटतो त्या चेंबरमधली वीट एका तोंडातून काढून दुसऱ्यात बसवायची, की मैला दुसऱ्या खड्ड्यात जाऊ लागतो. बंद झालेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहू द्यायचा. पाणी जमिनीत जिरतं, उरलेल्याचं मातीतले जंतू खत करतात. बिंदेश्वर पाठक यांच्या सुलभ संस्थेनं हीच रचना 1970 पासून देशभर नेली. तीत यंत्र नाही, वीज नाही. जे काही कौशल्य आहे ते विटांच्या फटींत आहे.

त्या फटींपाशी मामा अडले. खड्ड्याची भिंत जाळीची करायची: एक थर सलग, एक थर दोन-दोन इंचांच्या फटी सोडून, पाइपाच्या तोंडापर्यंत. त्याच्या वरचे थर मात्र बंद. तळाला काँक्रीट नाही, उघडी माती. मामा खड्ड्यात उतरले, पहिला थर झरझर लावला, ओळंबा सोडला, दोरी फिरवली. दुसऱ्या थराला वीट ठेवली, फट सोडली, पुढची वीट ठेवली. आणि थापीवर माल घेऊन त्यांनी ती फट भरून टाकली. वरून कोणीतरी हसलं. मामांनी माल खरवडून काढला. चार विटांनंतर पुन्हा तेच. आयुष्यभर भोक दिसलं की बुजवलं, त्या हाताला भोक ठेव म्हणून सांगायचं. दुपारभर मी इतर काही बघायचं सोडून तो हात बघत बसलो.

बाकीच्या गोष्टी त्यांनी पटापट उचलल्या. तीव्र उताराचं ग्रामीण पॅन, 20 मिलीमीटर पाणी धरणारा ट्रॅप (म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं), विहिरीपासूनचं अंतर, काळ्या मातीत खड्ड्याभोवती वाळूचं किंवा खडीचं कडं. सेप्टिक टँकचाही तास झाला. टाकीचं पाणी गटारात सोडायचं नाही, शोषखड्ड्यात न्यायचं, आणि झाकण फरशीखाली गाडायचं नाही. हे शेवटचं ऐकताना अर्धे गवंडी एकमेकांकडे बघू लागले. वाईसारख्या गावात नगरपालिकेनं 2018 पासून दर तीन वर्षांनी टाक्या उपसायचं वेळापत्रक लावलं. पण टँकर दारात येऊन उभा राहिला आणि झाकण बैठकीच्या खोलीत निघालं, तर वेळापत्रक काय करणार?

दहा फूट आले कुठून, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. मामा आडपडदा न ठेवता बोलले. खोदाई फुटावर असते, हे एक. संडासासाठी शासनाचे बारा हजार मिळतात, त्यात वरचे पैसे मालक घालतो, आणि घालायचेच तर मग "परत बघायला नको" असं काम त्याला हवं असतं. परत का बघायला नको, तर भरला की उपसणार कोण? या प्रश्नाचं उत्तर गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी मोठ्यानं देत नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे; तरीही माणसं उतरतात, गुदमरून मरतात, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई तीस लाखांवर न्यावी लागली. दहा फुटांचा खड्डा हा जातीचा प्रश्न नातवंडांवर ढकलायचा उपाय आहे, असं माझं मत झालं. शिवाय तो वाईट उपाय आहे: तितक्या खोलवर जिवंत माती नसते, भूजल जवळ येतं आणि मैला कुजण्याऐवजी नुसता साठतो.

प्रशिक्षणात गावातल्या शाळेमागचा जुना, भरून बंद ठेवलेला खड्डा उघडला तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरकले. आत काळपट, भुसभुशीत सोनखत होतं. वास आला तो पहिल्या पावसानंतरच्या बांधासारखा. 2017 मध्ये केंद्राचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः अशा खड्ड्यात उतरले होते. पण आपल्याकडे कणकवलीचे अप्पासाहेब पटवर्धन आणि देहूचे डॉ. मापुसकर यांनी हे काम कॅमेरे नसताना कितीतरी आधी केलं. मापुसकरांना पद्मश्री मिळाली तीही मरणोत्तर. मामांनी चिमूटभर खत बोटांत चुरडलं, वास घेतला, आणि काही न बोलता शेजारच्यापुढे हात केला. शेजारच्यानं घेतलं नाही.

प्रमाणपत्रं वाटली गेली. माझी शंका तिथेच होती. वीट कशी लावायची हे शिकवलं, पण मालकाला नाही कसं म्हणायचं याचा तास कुठे होता? ज्याचं पोट पुढच्या कामावर आहे, त्यानं पैसे देणाऱ्याला "तुमचा खड्डा सहा फूट जास्त आहे" असं सांगायचं, तेही त्याच्याच अंगणात उभं राहून. संस्था गवंड्यांचे आकडे मोजतात. मालकांना कोणी बोलावलंच नव्हतं.

काही आठवड्यांनी मामांना फोन केला. नवं काम घेतलं होतं. मालक दहावर अडून होता, मामा चारवर.

"मग?"

"सहावर तुटलं."

प्रशिक्षकांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. मामांचं म्हणणं वेगळं. तळाला काँक्रीट नाही, हे कबूल करून घेतलंय. जाळीही केली, एकही फट बुजवली नाही. दुसरा खड्डा मालक दिवाळीला करतो म्हणालाय, ऊसबिल आलं की.

"आणि नाही आलं तर?"

"चेंबरला दुसरं तोंड काढून ठेवलंय," मामा म्हणाले. "वीट लावून."