समाजशास्त्र शिकून काय होते?

जून महिना आला की शाळेच्या कचेरीत पालकांची ये-जा वाढते. आपल्याच शाळेतून पूर्वी बाहेर पडलेल्या मुलांचे आईवडीलही त्या दिवसांत सल्ला विचारण्यासाठी येतात. गेल्या जूनमध्ये असेच एक ओळखीचे गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. मुलगा पी.यू.ची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेला; परंतु वडिलांच्या मुद्रेवर आनंदाचा लवलेश नव्हता.

"सर, पोरगा म्हणतोय समाजशास्त्र घेऊन बी.ए. करणार. तुम्हीच समजवा त्याला. त्यानं पोट भरतंय काय?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. याचे कारण असे, की नेमका हाच प्रश्न बारा-तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वडिलांनी याच खुर्चीत बसून मला विचारला होता. त्या वेळी मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले होते, आणि ते उत्तर चुकले होते.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात विणकरांची जुनी वस्ती आहे. पूर्वी तिथे हातमाग होते, पुढे यंत्रमाग आले. त्या वस्तीतली एक मुलगी आमच्या शाळेत होती. मराठीवर तिचे प्रभुत्व होते, निबंध तर ती असे लिही की वाचताना मास्तरकी विसरावी. पी.यू. झाल्यावर तिने समाजशास्त्र घेऊन बी.ए. करण्याचे मनात आणले. मी तिच्या वडिलांना सांगितले, "कशाला ते? दुसरे काही जमत नाही त्यांनी घ्यायचा तो विषय. शिक्षिकेचा अभ्यासक्रम करू द्या, दोन वर्षांत पायांवर उभी राहील." मुलीने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले आणि प्रवेश मात्र समाजशास्त्रालाच घेतला. आज ती त्याच विषयात पीएच.डी. झाली आहे. तिच्या वाटचालीचा मी दुरून साक्षी होतो. त्या वाटेवर काय मिळते आणि काय मिळत नाही, हे वाचकांपुढे प्रामाणिकपणे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

हे शास्त्र कोणते?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शाळेत आपण इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र या सर्वांना मिळून 'समाज' म्हणतो. ते समाजशास्त्र नव्हे. गोरगरिबांना साहाय्य करण्याचे पद्धतशीर शिक्षण म्हणजे समाजकार्य; तोही वेगळा अभ्यासक्रम. समाजशास्त्राचे काम याहून निराळे आहे. माणसे एकत्र राहतात, तेव्हा त्यांच्यात कोणते संबंध निर्माण होतात, ते कोणत्या नियमांनी टिकतात आणि कशामुळे पालटतात, हे पुराव्यानिशी शोधणारे ते शास्त्र. ऑग्यूस्त कॉम्त या फ्रेंच विचारवंताने १८३८ च्या सुमारास त्याला आजचे नाव दिले. पुढे एमिल दुर्खीम याने १८९७ साली आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की जी कृती आपण सर्वांत खासगी मानतो, तिच्या प्रमाणावरही समाजातील बंध घट्ट आहेत की सैल, याचा परिणाम होतो. व्यक्तीच्या दुःखामागे समाजाची घडण पाहण्याची ही दृष्टी हेच या शास्त्राचे खरे भांडवल होय.

आपल्या माणसांचा वाटा

हा विषय परदेशातून आला, हे खरे. पण तो रुजविण्यात मराठी माणसांचा, त्यातही महाराष्ट्राबाहेरील मराठी गावांचा किती मोठा वाटा आहे, याची आपल्या घरांतून फारशी जाणीव नसते. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरचा. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना १९०९ साली त्यांनी भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले ते इंदूरजवळच्या महू येथे, आणि १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन. मे १९१६ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हेच जातिसंस्थेचे मर्म होय, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. त्याच निबंधात त्यांनी केतकरांची जातीची व्याख्याही तपासली आहे. महूला जन्मलेला एक तरुण रायपूरला जन्मलेल्या विद्वानाशी न्यूयॉर्कमध्ये बसून वाद घालतो, हे दृश्य मला फार अर्थपूर्ण वाटते.

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख. १९२४ मध्ये ही धुरा मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. ते मूळचे संस्कृतचे विद्यार्थी, केंब्रिजहून पीएच.डी. होऊन आलेले. १९५९ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, त्यांनी त्या विभागात अध्यापन केले. पुढे देशभर ज्यांची नावे झाली, अशा अनेकांनी त्यांच्याच हाताखाली धडे गिरविले. इरावती कर्वे त्यांपैकी एक. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून त्या आपल्या घरोघरी परिचित आहेत. परंतु भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर १९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी ग्रंथ आजही अभ्यासक्रमांतून वाचला जातो. मामेबहिणीशी लग्न कुठे चालते आणि कुठे निषिद्ध, हा आपल्या घरातल्या गप्पांचा विषय. त्यातून त्यांनी उत्तर आणि दक्षिण भारताच्या समाजरचनेतला भेद उलगडून दाखविला.

घुर्ये यांचे दुसरे विद्यार्थी म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्राच्या अध्यापनाचा पाया त्यांनी घातला आणि १९५९ मध्ये ते दिल्लीला गेले. त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग प्रत्येक संशोधकाने ध्यानात ठेवावा असा आहे. १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी टिपणे केली होती. पुढे वर्षानुवर्षे खपून त्यांची जुळणीही केली. एप्रिल १९७० मध्ये, ते अमेरिकेत असताना, त्यांच्या अभ्यासिकेला आग लागून जुळणी केलेल्या त्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. दुसरा एखादा खचून गेला असता. श्रीनिवासांनी मुख्यतः स्मरणाच्या आधारे त्या खेड्यावर पुस्तक लिहिले. ते १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि अजून वाचले जाते. ज्या माणसांत आपण मनापासून राहिलो, ती कागद जळाले तरी जळत नाहीत, हेच यातून दिसते.

पदवीची वर्षे

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. पदवीच्या वर्षांत मूलभूत संकल्पना, कुटुंब, विवाह, जात, वर्ग, धर्म, ग्रामीण व नागरी समाज, थोर विचारवंत आणि संशोधनपद्धतीची तोंडओळख एवढा भाग बहुतेक विद्यापीठांतून असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या पदवीची सोय केली. आमच्या कर्नाटकाने ती काही वर्षे राबवून २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी स्वीकारली. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या राज्यातील नियम पाहून घ्यावेत. केंद्रीय विद्यापीठांत शिकायचे असेल, तर २०२२ पासून सुरू झालेली सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती मराठीतूनही देता येते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आमच्या विद्यार्थिनीला पहिली अडचण आली ती भाषेची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बाहेर कन्नड, आणि पुस्तके इंग्रजी. पहिल्या सहामाहीत ती रडकुंडीला आली. मग तिने एक युक्ती केली. प्रत्येक पारिभाषिक शब्दासमोर ती आपल्या घरातले एक उदाहरण मराठीत लिहून ठेवू लागली. 'श्रमविभागणी'समोर तिने लिहिले होते : 'बाबा मागावर, आई कांड्यांवर, आजी कामाच्या धाकावर.' ती वही तिने मला दाखविली, तेव्हा मला हसू आले आणि माझ्या जुन्या सल्ल्याची थोडी लाजही वाटली.

पदव्युत्तर शिक्षण

एम.ए.ची दोन वर्षे म्हणजे विषयाशी खरी गाठ. कॉम्त, मार्क्स, दुर्खीम, वेबर यांचे सिद्धान्त मुळातून वाचावे लागतात, संख्याशास्त्राशी जुळवून घ्यावे लागते आणि बहुधा एक लहानसा शोधनिबंधही लिहावा लागतो. पाठांतरावर पदवी मिळविलेला विद्यार्थी इथे अडखळतो. याच टप्प्यावर 'नेट'ची परीक्षा डोळ्यांसमोर ठेवावी. ही परीक्षा सामान्यतः वर्षातून दोनदा होते. दोन प्रश्नपत्रिका मिळून तीनशे गुण. वरच्या श्रेणीत येणाऱ्यांना संशोधनासाठी कनिष्ठ शिष्यवृत्ती मिळते. २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. सामान्य घरातल्या मुलांना संशोधन परवडते ते याच्याच बळावर. आमच्या मुलीला ती तिसऱ्या प्रयत्नात मिळाली. पहिल्या दोन अपयशांनंतर घरात लग्नाची बोलणी सुरू झाली होती. तिची आजी, जी एक दिवसही शाळेत गेली नव्हती, तीच उलट आडवी पडली. म्हणाली, "धागा तुटला म्हणून कोण माग मोडतंय काय? गाठ मारायची आणि पुढं विणायचं."

प्रबंधाची परीक्षा

पीएच.डी.साठी आज पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण लागतात. काही प्रवर्गांना सवलत आहे. एम.फिल. ही मधली पायरी २०२२ च्या नियमांनी बंद झाली. आधी संशोधनपद्धतीचा नेमलेला अभ्यासक्रम, मग विषयाचा आराखडा, क्षेत्रकार्य, प्रबंधलेखन आणि शेवटी मौखिक परीक्षा, असा हा क्रम. कमीत कमी तीन वर्षे, सामान्यतः जास्तीत जास्त सहा. स्त्रियांना मुदतवाढीची अधिक सवलत आणि प्रसूतीसाठी रजाही आहे. इतरांनी केलेले प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. विषय निवडण्यापूर्वी तिथे आठ दिवस घालविले, तर पुढची दोन वर्षे वाचतात.

नियम असे चार ओळींत सांगता येतात. अनुभव मात्र तसा नसतो. तिने विषय घेतला होता विणकर कुटुंबांतील स्त्रियांच्या कामाचा. पहिल्या मार्गदर्शकांकडे तिचे प्रकरण आठ महिने न वाचता पडून राहिले; पुढे ते निवृत्त झाले आणि मार्गदर्शक बदलण्याच्या कागदपत्रांत आणखी वर्ष गेले. त्या काळात तिने एकदा माझ्याकडे येऊन विचारले, "सर, तुमचंच खरं होतं काय?" मी काय बोलणार? चहा दिला आणि म्हटले, "तुझ्या टिपणांतले एखादे पान वाचून दाखव."

तिने जे पान वाचले, ते मी विसरू शकत नाही. आपल्याच गल्लीतल्या एका मावशींना तिने छापील प्रश्नावलीतला प्रश्न विचारला होता : 'आपण कोणते काम करता?' मावशी म्हणाल्या, "कुठलं काम गं? घरातच असतो की मी." (आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलतानाही 'असतो', 'जातो' असेच म्हणतात.) हे उत्तर देताना त्यांचे हात चरख्यावर कांड्या भरीत होते. सकाळपासूनची ती त्यांची कितवी कांडी, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या कांड्यांवाचून नवऱ्याचा माग घटकाभरही चालला नसता. पण मजुरी येई ती मागावरच्या साडीची, नवऱ्याच्या हातात.

जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे घरच्या उद्योगातले बिनमोबदल्याचे श्रम हेही कामच. पण विचारणारा दारातून विचारतो, बाई 'घरातच असतो' म्हणते, आणि कागदावर 'काम न करणारी' अशी नोंद होऊन बसते. व्याख्या बरोबर, उत्तरही खोटे नाही. तरीही सत्य निसटते. आमच्या विद्यार्थिनीने प्रश्नावली बाजूला ठेवली. ती त्या घरांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसती बसू लागली आणि तासातासाची नोंद करू लागली. तिच्या प्रबंधाचा कणा तोच झाला. त्या नोंदींत एक घर तिचे स्वतःचेही होते. तिच्या आईनेही आयुष्यभर प्रत्येक कागदावर 'गृहिणी' असेच लिहिले होते.

मौखिक परीक्षेला आईवडील दोघेही गेले होते. परीक्षकांचे इंग्रजी प्रश्न त्यांना कळले नाहीत. परतताना वडिलांनी विचारले, "एवढं काय लिहिलंस ग?" ती म्हणाली, "आईचं काम लिहिलं, बाबा." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे काही दिवसांनी तिच्या आईने मला सांगितले, की साडीच्या मजुरीतले कांड्यांचे पैसे ते आता वेगळे काढून तिच्या हातात देतात. प्रबंधाला मिळालेला हा शेरा मला परीक्षकांच्या शेऱ्याहून मोठा वाटतो.

जमाखर्च

आता त्या जूनमधल्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. पोट भरते काय? खोटी आशा दाखवू नये. आमची ही विद्यार्थिनी आज एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याती आहे. नेमणूक दर वर्षी नव्याने, उन्हाळ्यात पगार नाही. कायम जागांच्या जाहिराती क्वचित निघतात. केवळ प्राध्यापकीवर डोळा ठेवून या वाटेला जाणाऱ्याने दहा-बारा वर्षांची तयारी ठेवावी. मात्र पदवी किंवा एम.ए.नंतर स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, सर्वेक्षण संस्था, ग्रामविकास व आरोग्याचे प्रकल्प अशा इतर वाटाही आहेत. केंद्रीय लोकसेवा परीक्षेत हा ऐच्छिक विषय अनेक उमेदवार घेतात.

मी त्या गृहस्थांना एवढेच सांगितले, "मुलाला माझ्याकडे पाठवा. त्याला मी एकच प्रश्न विचारीन : तुमच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत कोण काय काम करते, ते आठ दिवस लिहून आण. लिहिताना कंटाळला, तर दुसरा विषय घेऊ. पण लिहिता लिहिता त्याला प्रश्न पडू लागले, तर मात्र त्याला अडवू नका. मी एकदा अडवायला गेलो होतो."

मुलगा नवव्या दिवशी वही घेऊन आला. तिच्या शेवटच्या पानावर त्याने लिहिले होते : 'आई सर्वांच्या नंतर जेवते. हे असे का, आणि केव्हापासून?'

त्याचा प्रवेश झाला आहे.