रोपांची अक्षरं, आलापल्लीचा साग

मार्च २०२४. चंद्रपूरच्या ताडोबा महोत्सवात ६५,७२४ रोपं मांडून ‘भारतमाता’ हा शब्द लिहिला गेला आणि रोपांचा सर्वांत मोठा शब्द म्हणून गिनीजमध्ये नोंदला गेला. रोपं २६ देशी जातींची होती. मला विक्रमापेक्षा हीच गोष्ट मोठी वाटते.

त्याआधीची वर्षं आठवली, की झाडं आपल्यापुढे आकडे होऊनच आलेली दिसतात. १ जुलै २०१६ ला एका दिवसात २ कोटी रोपांचा संकल्प, २०१७ ला ४ कोटी, पुढे १३, २०१९ ला ३३. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार याच जिल्ह्यातले, म्हणून इथे उत्साह दांडगा. पण २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. रोप लावायला पाच मिनिटं पुरतात. खरी परीक्षा पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांची, आणि आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्या उन्हात पाणी घालणाऱ्या मजुराच्या वाट्याला कधी व्यासपीठ आलं नाही. लावलेल्या रोपांतली आज किती उभी आहेत, याचा फलक दरवर्षी महोत्सवाच्या दारातच लागायला हवा.

गडचिरोलीत मात्र वेगळंच घडलं होतं. आलापल्लीजवळचं सहा हेक्टर जंगल १९५३ पासून कुऱ्हाड न लावता राखलं गेलं. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. शेंडा पाहायचा तर मान पार मागे टाकावी लागते असे साग तिथे आहेत. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी या भागातलं सागवान निघालं, तेव्हा, २९ मार्च २०२३ ला, बल्लारपूर-चंद्रपुरात शोभायात्रेला माणूस लोटला होता. त्या गर्दीतल्या किती जणांनी आलापल्लीचा उभा साग पाहिला असेल?

महोत्सव भरतो तेव्हा रानात पळस पेटलेला असतो. थोड्याच दिवसांत गडचिरोलीतल्या धानोरा, एटापल्लीकडे घरंच्या घरं पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला निघतात. पुढच्या खेपेला मैदानातल्या कार्यक्रमांबरोबर काही एसटी गाड्या तिकडेही सोडाव्यात. मोह कुठला गोड, कुठला उशिरा गळतो हे ज्यांना झाडागणिक ठाऊक आहे, त्या बायांनाच वाटाडे नेमावं आणि त्यांच्या बुडालेल्या वेचणीइतकं तरी मानधन हातात द्यावं.