शेअर जास्त आहेत, म्हणून भाव कमी धरायचा?

व्हिडिओत हा मुद्दा घाईत झाला, म्हणून इथे नीट बघू.

समजा, तुमच्या कंपनीकडे एका लिस्टेड कंपनीचे 2 लाख शेअर आहेत. 31 मार्चचा बंद भाव 140 रुपये. फेअर व्हॅल्यू झाली 2 कोटी 80 लाख. पण बाजारात त्या शेअरची उलाढाल रोज जेमतेम 10 हजारांची. मग मालक म्हणतात, "सगळे एकदम काढले तर भाव पडेल. दहा टक्के कमी धरा की!"

बोलणं व्यवहाराचं आहे, पण हिशेबात चालत नाही. बाजार सक्रिय असेल तर इंड एएस 113 प्रमाणे भाव गुणिले नग, बस्स. हीच लेव्हल 1. गठ्ठा मोठा म्हणून सूट नाही, ब्रोकरेजही वजा करायचं नाही. मोजायचं ते शेअरचं मोल, तुमची विकण्याची अडचण नव्हे. आणि हे 28 लाख थोडे नाहीत. शेअर घेतानाच ओसीआयचा पर्याय निवडला नसेल, तर ते थेट नफ्यात उतरतात, आणि बँक तोच नफा बघते.

अनलिस्टेड शेअरला बाजारभावच नसतो. तिथे बहुतेक वेळा लेव्हल 3, म्हणजे अंदाज. खरा घोळ इथेच! मालक मनातला आकडा सांगतात आणि रिपोर्ट त्या आकड्यावर बेतला जातो. पण महत्त्वाची गृहीतकं टिपांमध्ये उघड लिहावी लागतात, हे विसरू नका.

तुमच्या कंपनीला इंड एएस लागूच नसेल तर एएस 13 बघा. चालू गुंतवणूक खरेदी किंमत किंवा फेअर व्हॅल्यू, जे कमी असेल त्यावर. भाव 140 चा 200 झाला तरी विकेपर्यंत वाढ नफ्यात घ्यायची नाही.