महासंगणक वापरायचा तर...

क्लस्टर : वेगवान जाळ्याने जोडलेले अनेक संगणक. प्रत्येक संगणक म्हणजे एक नोड. बहुतेक ठिकाणी लिनक्स. काम माऊसने नव्हे, टर्मिनलवर आज्ञा टाइप करून.

लॉगिन नोड, कॉम्प्युट नोड : पहिला सर्वांचा सामायिक. तिथे फाइली लिहायच्या, प्रोग्रॅम कंपाइल करायचा, काम रांगेत लावायचे. मोठी आकडेमोड दुसऱ्यावर. (नवख्यांची गल्लत बहुधा इथेच होते : आकडेमोड लॉगिन नोडवरच चालवतात आणि सगळ्यांचे काम मंदावते.)

रांग : स्लर्मसारखा शेड्युलर सांभाळतो. किती कोअर, किती मेमरी, किती वेळ हे जॉब स्क्रिप्टमध्ये आधीच लिहायचे. मागितलेली वेळ संपली की काम अर्धवट असले तरी बंद पडते. म्हणून लांबलचक सिम्युलेशनमध्ये चेकपॉइंट, म्हणजे मधली स्थिती डिस्कवर जपून ठेवणे.

समांतर प्रोग्रॅमिंग
• ओपनएमपी (१९९७) : एकाच नोडवर, सामायिक मेमरी वापरणारे थ्रेड.
• एमपीआय (१९९४) : प्रत्येक प्रक्रियेची मेमरी वेगळी, माहिती निरोपांतून जाते. अनेक नोडवर चालते. दोन्ही एकत्रही वापरतात.
• कुडा (२००७) : एनव्हिडियाच्या जीपीयूसाठी.

ॲमडालचा नियम (१९६७) : प्रोग्रॅमचा ५ टक्के भाग समांतर होत नसेल, तर कितीही कोअर लावा, वेग २० पटींपलीकडे जात नाही.

पुण्यात : सी-डॅक ही संस्था १९८८ पासून, तिचा ‘परम ८०००’ महासंगणक १९९१ मध्ये. राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतील (२०१५) ‘परम ब्रह्म’ आयसरमध्ये आहे.