फुफ्फुसात पोचणारं औषध आणि दोन विद्यापीठांची एक पीएचडी

आजचा भाग जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत रेकॉर्ड केलाय. त्यामुळे मागं घंटा आणि मधूनच 'चांगभलं' ऐकू येईल. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलंय. बोलणं तसंच ठेवलंय, फक्त माझं 'अं... अं...' गाळलंय.

विषय एका श्रोतीनं दिला. एम.फार्म. करते. तिचा मेसेज असा होता: "दादा, फुफ्फुसाच्या कॅन्सरवर श्वासातून द्यायच्या औषधाचं संशोधन, त्यासाठी जॉइंट पीएचडीची स्कॉलरशिप, दोन देश, दोन विद्यापीठं अशी जाहिरात बघितली. असं खरंच असतं का? आणि आपल्याकडच्या पोरांना मिळतं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आधी औषधाचं समजून घेऊ. ते कळलं की दोन विद्यापीठं कशाला लागतात, तेही आपोआप कळतं.

चैत्र यात्रेला इथं आलाय ना कधी? सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबरं उधळतात, सगळा डोंगर गुलाबी होतो. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमालसुद्धा गुलाबी! म्हणजे काय झालं? गुलालाचे जाड कण नाकात आणि घशातच अडकले. तिथल्या चिकट ओलाव्यानं ते धरून ठेवले. जे थोडे खाली श्वासनळीत गेले, त्यांना तिथले बारीक केस हळूहळू वर ढकलत राहतात. शरीराची ही राखणदारी आहे, आणि ती औषधालाही सोडत नाही.

आता आकडे बघा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुफ्फुसात खोल जायचं तर कण १ ते ५ मायक्रॉनचा लागतो. त्याहून मोठा असला की घशात अडकतो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असेल तर बराचसा श्वासाबरोबर आला तसा परत बाहेर जातो. (गुलालातही बारीक धूळ असतेच, म्हणून दमा असणाऱ्यांनी यात्रेत नाकाला रुमाल बांधावा. देव रागावत नाही.)

दम्याचा पंप याच हिशेबावर चालतो. मग कॅन्सरचं औषध पंपातून का नाही? कल्पना तर फार चांगली आहे. केमो सलाइनमधून रक्तात सोडली की ती सगळ्या अंगात फिरते. डॉक्सोरुबिसिन हृदयाला त्रास देतं, केस जातात. सिस्प्लॅटिन किडनीला बाधतं. आणि गाठीपर्यंत पोचतं त्यातलं थोडंसंच. थेट फुफ्फुसात दिलं तर कमी डोसमध्ये भागावं.

पण घोडं अडतं ते इथंच. दम्याचं औषध मायक्रोग्रॅममध्ये लागतं, केमो त्याच्या कितीतरी पट. आणि केमो म्हणजे पेशी मारणारं विष. ते फुफ्फुसाच्या नाजूक अस्तरावर उघडं पडलं तर?

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये छापलेला एक प्रयोग मला यासाठी फार महत्त्वाचा वाटतो. फुफ्फुसात कॅन्सर पसरलेल्या उंदरांच्या श्वासनळीत त्यांनी साधं डॉक्सोरुबिसिन सोडलं, तर उंदीर थोड्याच दिवसांत मेले. तेच औषध झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या एका रेणूला बांधून दिलं, तर दोन आठवड्यांत फुफ्फुसातला कॅन्सर ९५ टक्क्यांहून जास्त घटला. साधं औषध शिरेतून दिलं तेव्हा ३० ते ५० टक्केच घटला होता. औषध एकच. फरक होता तो गाडीचा.

त्याच वर्षी, २०१४ मध्येच, आपल्या पवईच्या आयआयटीतून डॉ. रिंटी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम प्रसिद्ध झालं. आपल्या फुफ्फुसातल्या हवेच्या फुग्यांना आतून एक पातळ, साबणासारखा थर असतो. तो नसेल तर फुगे चिकटून बसतील. या मंडळींनी त्या थरावरून कल्पना घेतली आणि तशाच स्निग्ध पदार्थांच्या अतिसूक्ष्म पिशव्या करून त्यात पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध भरलं. गाठीच्या आसपास आम्लता जास्त असते, तिथं पिशवीनं औषध सोडावं अशी रचना. पिशवी शरीराला ओळखीची वाटते, म्हणून फुफ्फुसाला कमी त्रास.

आता जरा थांबा. ही दोन्ही कामं उंदरांवरची, आणि दोन्हींत कॅन्सर दुसरीकडून फुफ्फुसात आलेला. माणसांवरही छोट्या चाचण्या झाल्यात: डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन, जेमसिटाबिन वाफाऱ्यासारखं देऊन बघितलं. पण फुफ्फुसाच्या कॅन्सरवर श्वासातून घ्यायची मंजूर केमो आज बाजारात नाही. खोकला येतो, श्वासनळ्या आवळतात. गाठीनं नळीच बुजवली असेल तर तिकडं हवाच जात नाही, मग औषध कुठून जाणार? आणि रुग्णानं सोडलेल्या श्वासातून औषध नर्सच्या अंगात जाऊ नये म्हणून खोलीला वेगळी फिल्टरची सोय लागते. हे एवढ्यासाठी सांगतोय, की घरात कुणाला हा आजार असेल आणि व्हॉट्सॲपवर 'कॅन्सरचा पंप आला' असं आलं, तर चालू उपचार थांबवू नका. २०२२ मध्ये या आजारानं जगात सुमारे १८ लाख माणसं गेली. उशिरा सापडतो, हेच त्याचं मोठं कारण. थांबायला वेळ नसतो.

तर आता बघा, या एका कामाला कोण कोण लागतं. कण बनवणारा फार्मसीवाला. नळीत हवा कशी वळते याचं गणित करणारा इंजिनिअर. पेशींचा अभ्यास करणारा, आणि शेवटी डॉक्टर. एका विद्यापीठात हे सगळे आणि सगळी यंत्रं क्वचितच असतात. म्हणून जॉइंट पीएचडी.

आपल्याकडचं सरळ उदाहरण म्हणजे आयआयटी बॉम्बे-मोनॅश रिसर्च अकॅडमी. २००८ पासून पवईत आहे. विद्यार्थी मुख्यतः पवईत राहतो, मधे काही महिने ऑस्ट्रेलियात जातो. गाइड दोन्हीकडचे, प्रबंध एकच, पदवी दोन्ही विद्यापीठांची मिळून. वर सांगितलेली दोन्ही कामं याच दोन संस्थांतली, पण प्रत्येकाचं वेगळं. या अकॅडमीत दर वर्षी कॅन्सरचाच विषय असेल असंही नाही. विषयांची यादी बदलते, ती बघूनच अर्ज करायचा.

यूजीसीनंही २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या अशा जॉइंट पदवीचे नियम काढलेत. पीएचडीला दोन्हीकडे एकेक गाइड, दोन्हीकडे किमान एक सत्र, प्रबंध एकच. म्हणजे श्रोतीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, असं असतं. जाहिरात खरी की खोटी हे या खुणांवरून तपासायचं. भारतातल्या संस्थेबरोबरच्या जॉइंट पदवीत दोन गाइडांची नावंच नसतील तर शंका घ्या. 'सीट पक्की करायला' कुणी खासगी खात्यावर पैसे मागितले तर तिथंच फोन ठेवा.

युरोपात मारी क्युरींच्या नावानं डॉक्टरल नेटवर्क चालतात. तिथं तुम्हाला विद्यार्थी म्हणून नाही, कामगार म्हणून करार करून पगार देतात. कुठल्याही देशाचा माणूस चालतो. अट एवढीच, की गेल्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. कोल्हापुरातून थेट अर्ज करणाऱ्याला ही अट आडवी येत नाही, उलट फायद्याचीच आहे!

आणि 'आपल्याकडच्या पोरांना'? हा प्रश्न या जिल्ह्यात पडावा याचं मला जरा नवल वाटतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये इथं वसतिगृह काढायला सुरुवात केली, ती खेड्यातल्या पोरांना शिकता यावं म्हणूनच. परदेशी शिक्षणासाठी राज्य सरकारची त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, पीएचडीसाठीही. इतर प्रवर्गांसाठी वेगळ्या योजना आहेत. फक्त एक बघा: पदवी जॉइंट असून बराच काळ भारतातच राहायचं असेल, तर ती योजना लागू होते का, हे अर्जाआधी लेखी विचारून घ्या.

पैशाबाबत अजून तीन गोष्टी गाइडला विचारायला लाजू नका. स्टायपेंड किती वर्षं? तिकडच्या महिन्यांत तो वाढतो का? आणि साडेतीन-चार वर्षांत उंदरांवरचं काम संपलं नाही, तर मुदतवाढीचे पैसे कोण देणार? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी लागते, आणि दोन देश म्हटल्यावर दोन परवानग्या लागू शकतात. तिथंच महिने जातात.

गाइडला पहिला मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग' नको. त्यांचा एक पेपर वाचा. तुमच्या एम.फार्म.च्या प्रोजेक्टमधलं कणांचं माप किती आलं, कसं मोजलं आणि कुठं गडबड झाली, ते चार ओळींत लिहा. आमच्या श्रोतीनं कोरड्या पावडरचा इनहेलर केलाय, तिच्याकडं हे सगळं आहे. मेल पाठवलाय म्हणाली. उत्तर आलं की तिच्या परवानगीनं पुढच्या भागात सांगतो.