वाळवी : रानांतली आणि घरांतली

पनवेलहून मुंबई-गोवा रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें कीं थोड्याच वेळांत कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसूं लागतो. त्याच्या भोंवतालचें रान १९६८ सालीं पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यांत आलें. अशा रानांत झाडांच्या बुंध्यापाशीं मातीचीं वारुळें उभीं असतात. पुष्कळांस तीं सापाचीं घरें वाटतात. वास्तविक साप हा तेथला उपरा भाडेकरी, घर बांधणारी ती वाळवी. पडलेलीं खोडें, वाळक्या फांद्या, पानांचा थर हें सारें पचवून ती मातीस परत करते. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी बाहेर पडली म्हणजे कोतवाल आणि वेडा राघू ह्यांना मेजवानीच मिळते. रानाचें तिच्यावांचून अडतें. परंतु हीच वाळवी रानाच्या कडेला बांधलेल्या घरांत शिरली, कीं गृहस्थाच्या पुंजीला खिंडार पडतें.

वाळवीला पांढरी मुंगी म्हणण्याचा प्रघात आहे. पण मुंगीशीं तिचें नातें नाहीं. उलट मुंगी तिची हाडवैरीण. आधुनिक प्राणिशास्त्र तिला झुरळाच्या गोत्रांत घालतें. जगांत तिच्या सुमारें ३,००० जाति ज्ञात आहेत. त्यांपैकीं फार थोड्या माणसाच्या घराला उपद्रव देतात. तिच्या जीवनक्रमाचें एक अगदीं आरंभीचें शास्त्रीय वर्णन दक्षिण भारतांतील आहे : लिनियसचा शिष्य कोनिग ह्यानें तंजावरकडील वारुळें तपासून तें १७७९ सालीं प्रसिद्ध केलें. वारुळांत राजा, राणी, सैनिक आणि असंख्य कामकरी असतात. राणी दिवसाला हजारों अंडीं घालते. लांकूड कुरतडण्याचें काम एकट्या कामकऱ्यांचें. आपल्याकडील वारुळें बांधणारी वाळवी तर कुरतडलेल्या लांकडावर बुरशीची शेती करते. वारुळावर पावसाळ्यांत उगवणारी आणि कोंकणांत चवीनें खाल्ली जाणारी अळंबी ही त्याच शेतीचें फळ होय.

घरधन्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कामकऱ्याची कातडी अत्यंत पातळ असते. कोरडी हवा लागली कीं तो सुकून मरतो. म्हणून तो उघड्यावर फिरत नाहीं. माती, लाळ आणि विष्ठा ह्यांचें मिश्रण लिंपून तो पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी भिंतीवरून नेतो आणि तिच्या आंतून ये-जा करतो. ओलावा मिळावा म्हणून ह्या वाटेचें दुसरें टोंक बहुधा जमिनींत असतें. लांकूड हें ह्या वाळवीचें अन्न आहे, घर नव्हे. तिचें घर जमिनींत आहे. एवढें लक्षांत न घेतल्यामुळेंच पुष्कळ पैसा व्यर्थ जातो.

सामान्यतः घडतें तें असें. चौकटीचा रंग फुगलेला दिसतो. दाबून पाहतांच बोट आंत जातें. घरधनी नळ्या खरवडतो, भेगांत रॉकेल ओततो, सुतार बोलावून नवी चौकट बसवितो आणि वर रंग देतो. रॉकेलनें त्या वेळीं त्या ठिकाणीं असलेले कामकरी मरतात. जमिनींतली राणी सुखरूप राहते. पुढल्या पावसाळ्यांत वाळवी भिंतींतल्या कपाटांत किंवा पुस्तकांच्या फडताळांत उगवते. पुन्हां सुतार, पुन्हां गवंडी, पुन्हां रंगारी. खर्च वाढतो आणि रोग जागच्या जागीं राहतो.

ह्याला एक अपवाद आहे. कांहीं जाति कोरड्या लांकडांतच राहतात. त्यांना जमिनीची गरज नसते. मातीची नळी नाहीं, पण खुर्चीखालीं खसखशीसारखे टणक कण सांडलेले दिसतात, ही त्यांची खूण. तेथें इलाज त्या लांकडावरच करावयाचा. म्हणून आधीं रोग कोणता तें ओळखावें.

जमिनींतील वाळवीवरचा इलाज जमिनींतच आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या ६३१३ क्रमांकाच्या मानकांत त्याची पद्धति दिलेली आहे. फरशी आणि भिंत जेथें मिळतात, तेथें सुमारें ३० सेंटिमीटर अंतरानें १२ मिलिमीटर व्यासाचीं भोकें पाडून खालच्या मातीपर्यंत औषधाचें पाणी दाबानें सोडतात. एका भोकांत फार तर एक लिटर; नंतर भोकें बुजवितात. घर आणि जमीन ह्यांच्यामध्यें औषधी मातीचा अखंड पट्टा तयार व्हावा, हा हेतु. पट्टा अखंड असणें हें ह्या उपायाचें मर्म आहे. खर्च वांचविण्यासाठीं दोन खोल्या केल्या आणि तिसरी सोडली, तर वाळवीला तिसऱ्या खोलीची वाट मोकळीच राहते.

मात्र विष तें विषच. पूर्वीं ह्या कामीं आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर हीं द्रव्यें वापरीत. तीं मातींत वर्षानुवर्षें टिकत, हाच त्यांचा गुण समजला जाई. पुढें तोच दोष ठरला, कारण तीं प्राण्यांच्या चरबींत सांठत जातात. २००१ सालच्या स्टॉकहोम कराराच्या पहिल्या यादींत हीं तिन्ही आलीं. त्यांच्यानंतर इमिडाक्लोप्रिडसारखीं द्रव्यें प्रचारांत आलीं. वाळवीला त्यांचा सुगावा लागत नाहीं. कामकरी त्या मातींतून जातो आणि अंगाला लागलेलें विष सोबत्यांपर्यंत पोंचवितो. आवारांत विहीर असेल तर तिच्या लगतच्या मातींत कोणतेंहि औषध सोडूं नये. काम करणाराकडून औषधाचें नांव आणि प्रमाण लेखी घ्यावें, आणि काम चालू असतांना मुलांना दूर ठेवावें.

ह्याहून स्वस्त उपाय जुन्या गवंड्यांना ठाऊक होता. ते घराला उंच दगडी जोतें देत आणि लांकडी खांब जमिनींत न पुरतां दगडी तळखड्यावर उभा करीत. वाळवीला वर चढावयाचें तर उघड्या दगडावरून नळी बांधावी लागे, आणि ती केर काढणाऱ्या गृहिणीच्या नजरेंतून सुटत नसे. पनवेलच्या आसपास शेतें आणि रानाच्या कडा मोडून नव्या वसाहती उठल्या, तेथें काळजी अधिक हवी. भरावाखालीं झाडाचा बुंधा किंवा सेंटरिंगच्या फळीचा तुकडा राहिला, तर पाया घालतांनाच वाळवीला शिधा दिल्यासारखें होतें. जमीन साफ करून घेणें आणि पाया भरतांनाच मातीवर औषध घालणें ह्याला लागणारा खर्च, पुढें फरशी फोडून कराव्या लागणाऱ्या कामापुढें कांहींच नव्हे.

बांधलेल्या घरांत पावसाळ्याच्या आधीं आणि नंतर एकदां तपासणी करावी. चौकटींचे पायथे, न्हाणीघराच्या भिंती आणि जिन्याखालची जागा बोटांनीं वाजवून पाहावी. पोकळ आवाज आला कीं सावध व्हावें. नळी दिसली तर ती एके ठिकाणीं फोडून ठेवावी. कांहीं दिवसांत ती पुन्हां लिंपली गेली तर आंत वस्ती जिवंत आहे असें समजावें. गळका नळ दुरुस्त करावा, सरपण भिंतीला टेंकवून रचूं नये. कर्नाळ्याच्या रानांतल्या वाळवीशीं कोणाचें वैर नाहीं. तिची हद्द आणि घराची हद्द ह्यांतली सीमा आंखून ती वर्षानुवर्षें राखणें, एवढेंच गृहस्थाचें काम आहे.