कुणी न लावलेला गंधार

तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, मग जोडीचे दोन षड्ज, शेवटी खरज. गंधाराची तार त्यात नाही. तरी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखादा तंबोरा नीट सुरात लागला, की खरजावरून बोट निघाल्यावर क्षणभरात वरचा गंधार स्वच्छ ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. निसर्गातलं नवल विचारलं की मुलं धूमकेतू सांगत, ज्वालामुखी सांगत. मी त्यांना तंबोऱ्याजवळ नेऊन बसवत असे.

ताणलेली तार सबंध थरथरते, त्याच वेळी ती अर्ध्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शांतही थरथरत असते. खरज सेकंदाला १०० कंपनांचा धरा. मग त्याच तारेत २००, ३००, ४००, ५०० कंपनंही असतात. २०० म्हणजे मधला षड्ज, ३०० त्याचा पंचम आणि ५०० म्हणजे तार सप्तकातला गंधार. हे कुठल्याही तारेत असतं, पण एरवी इतकं क्षीण की कान ते वेगळं काढत नाही.

तंबोऱ्यात ते वर येतं ते तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमुळे. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो आणि तार प्रत्येक कंपनात त्याला घासून जाते. त्या घासण्यातून तारेची शक्ती वरच्या स्वरांकडे वळते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवलेला असतो. तो केसभर पुढेमागे केला की बसका आवाज एकदम खुलतो. गल्लीत म्हणतात, जवारी खुलली.

जुना नियम असा, की तार बरोबर मध्यावर छेडली तर जे स्वर मध्यावर स्थिर असतात, म्हणजे दुप्पट, चौपट कंपनांचे, ते उमटूच नयेत. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. तिथे ते स्वर खणखणीत वाजतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात हे तपासून १९२१ साली प्रसिद्ध केलं, नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्यं घडवायला घेतली, तेव्हा रामन जन्मलेही नव्हते.

तंबोऱ्याचा हा स्वयंभू गंधार पेटीच्या गंधाराशी जुळत नाही. मधला षड्ज २०० धरला तर तारेतून येणारा तार गंधार ५००, पेटीचा जवळपास ५०४. दोन्ही एकत्र धरले तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल अशाच सूक्ष्म अंतरांच्या मागे होते. श्रुतींवरचं त्यांचं पुस्तक १९१० चं. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना प्रयोगांत साथ दिली. १९३७ साली खाँसाहेब गेले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे.

आणि तंबोऱ्याचा भोपळा! पंढरपूरकडून येणारा हा कडू भोपळा मूळ आफ्रिकेचा. वाळला की पाण्यावर तरंगतो आणि समुद्रात महिनोन्‌महिने राहूनही त्याचं बी रुजतं. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी तो अमेरिकेत पोचलेला होता; अटलांटिकच्या प्रवाहांवर वाहत गेला असावा, असं त्याची जनुकं तपासणारे सांगतात.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण खरी जोखीम घोडीवर आहे. रोजच्या वाजवण्यानं तारा तिच्यात बारीक खाचा पाडतात आणि गंधार हळूहळू मावळतो. मग तंबोरा गल्लीत येतो. कारागीर तार सैल करून बाजूला घेतो, कानशीचा एक हात फिरवतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. एक हात जास्त पडला तर घोडीचा माथा पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो. त्यानं कुठे थांबायचं हे सांगणारं यंत्र मला अजून ठाऊक नाही. तो कानानं ठरवतो, आणि तो कान तयार व्हायला वर्षं जातात.